साक्ष रसायनाची, उलटतपास जनुकाचा

आपल्या प्रत्येक पेशीत रात्रंदिवस ने-आण चालू असते. बरीच नवी प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेत तयार होतात, तिथून गॉल्गी संकुलात जातात, तिथे त्यांच्यावरच्या शर्करांच्या साखळ्या बदलल्या जातात, आणि मग कोणी पेशीपटलावर, कोणी लयकारिकेत, तर कोणी थेट पेशीबाहेर रवाना होते. ही सगळी वाहतूक पुटिकांमधून होते. पुटिका म्हणजे पटलाच्या इवल्याशा बंद पिशव्या, बहुतेकींचा व्यास साधारण ५० ते १०० नॅनोमीटर. स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडते ते पुटिकांतून, आणि एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोचतो तोही पुटिकांतूनच.

या वाहतुकीवर हुकमत ठेवणारी प्रथिने ओळखायची कशी? एक वाट रसायनाची आहे: पेशीत एखादे संयुग सोडायचे, काय अडते ते पाहायचे आणि मग त्या संयुगाने कोणाला धरले ते शोधायचे. दुसरी वाट जनुकाची: एकेक जनुक बिघडवायचे आणि कोणत्या बिघाडाने काय अडते ते पाहायचे. या दोन वाटांनी जाणाऱ्यांचे एकमेकांविषयीचे आक्षेप खरे आहेत आणि ते मिटवून टाकण्यापेक्षा समोरासमोर मांडण्यात जास्त शहाणपण आहे, असे मला वाटते. म्हणून हा संवाद. विनायककाका निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, वनस्पती आणि बुरशी यांच्यातली संयुगे वेगळी काढण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांची पुतणी मुक्ता यीस्टच्या जनुकांवर काम करते. दोघे कल्पित आहेत. ते ज्या प्रयोगांविषयी बोलतात ते सारे खरे आहेत.

काका: मुक्ता, तुझ्या विषयातला सगळ्यात कामाचा पदार्थ बुरशीने दिला आहे, हे आधी कबूल कर. ब्रेफेल्डिन ए. १९५८ साली पेनिसिलियमच्या एका जातीतून तो पहिल्यांदा वेगळा केला गेला. सोळा कार्बन, चोवीस हायड्रोजन, चार ऑक्सिजन. आत तेरा अणूंचे एक मोठे लॅक्टोनचे कडे. विषाणूंची वाढ रोखतो म्हणून सुरुवातीला त्याच्याकडे लक्ष गेले. १९८६ साली जपानमधल्या संशोधकांना उंदराच्या यकृतपेशींत दिसले की हा पदार्थ दिला की प्रथिने तयार होत राहतात, पण बाहेर पडत नाहीत. उत्पादन चालू, रवानगी बंद. इतका नेमका अडथळा तोवर क्वचितच कोणाला मिळाला होता.

मुक्ता: काम अडले हे दिसले, काका. कशाने अडले ते १९८६ साली कोणालाच सांगता आले नव्हते.

काका: सांगता आले नव्हते, पण कुठे पाहायचे ते कळले ना! पुढे १९८९ मध्ये जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत जे दाखवले, ते तू स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असशीलच. काय दिसते ते तूच सांग.

मुक्ता: पाहिले आहे, आणि ते विसरता येत नाही. गॉल्गीतल्या एका विकराला हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेले असते. केंद्रकाच्या कडेला एक दाट हिरवा पुंजका दिसतो, तेच गॉल्गी. द्रवात ब्रेफेल्डिन टाकले की पहिली काही मिनिटे पुंजक्यातून बारीक नळ्या बाहेर निघतात आणि लांबत जातात. पुंजका जागेवरच असतो. मग एखादी नळी आंतर्द्रव्यजालिकेला जाऊन भिडते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळा पुंजका रिकामा होतो. हिरवा रंग पेशीभर जाळीसारखा पसरलेला दिसतो. गॉल्गी म्हणून वेगळे काही उरत नाही. ताज्या द्रवाने ब्रेफेल्डिन धुऊन काढले की तास-दोन तासांत पुंजका परत जमतो.

काका: आणि त्याहीआधी, अर्ध्या-एक मिनिटात, गॉल्गीवरचे कोटोमर नावाचे आवरण गळून पडते. क्रम बघ: आधी आवरण गेले, मग नळ्या निघाल्या, मग गॉल्गी विरघळले. कारण आधी आणि परिणाम मागाहून, हे डोळ्यांसमोर मिनिटामिनिटाने उलगडते. जनुक काढून टाकले तर हा क्रम तुला कधी दिसेल का? पेशीला चार-सहा पिढ्या मिळतात. तोवर ती दुसरीकडून वाट काढते, किंवा मरते. तुझ्या हाती येतो तो शेवट.

मुक्ता: क्रम दिसतो, मान्य. पण क्रम दिसला म्हणजे कर्ता सापडला असे नाही. आमच्या शास्त्रात रसायनाने दाखवलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला लोक कचरतात, त्याला इतिहास आहे. कामिल्लो गॉल्गींनी १८९८ साली हे अंगक पाहिले ते चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवून. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जाणकार वाद घालत होते की हे खरेच पेशीत असते, की रंगाच्या प्रक्रियेने तयार झालेला आभास आहे. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या चपट्या पिशव्यांची चवड दिसली तेव्हा वाद मिटला. गॉल्गी बरोबर ठरले. पण शंका घेणारेही चुकीचे वागत नव्हते. रसायन पेशीत जाते तेव्हा ते पेशी बदलते, आणि बदललेली पेशी पाहून आपण न बदललेल्या पेशीविषयी बोलतो.

काका: हे तर कुठल्याही प्रयोगाबद्दल म्हणता येईल.

मुक्ता: बरं, मग ताजे उदाहरण घ्या. डायनामिन नावाचे प्रथिन पेशीपटलाच्या आत वळलेल्या कोंबाला मानेपाशी आवळते आणि पुटिका तोडून मोकळी करते. २००६ मध्ये हजारो संयुगे चाळून डायनासोर नावाचे एक संयुग निवडले गेले. डायनामिनला झटपट रोखणारे, वापरायला सोपे. जगभरच्या प्रयोगशाळांनी ते उचलले. शेकडो निबंधांत एकच वाक्य: डायनासोर दिले, अमुक क्रिया थांबली, अर्थात ती डायनामिनवर अवलंबून आहे. २०१३ मध्ये पिएत्रो दे कामिल्ली यांच्या गटाने साधा प्रश्न विचारला. डायनामिनची तिन्ही जनुके काढून टाकलेल्या पेशींत, म्हणजे जिथे डायनामिन मुळातच नाही तिथे, डायनासोरने काहीच व्हायला नको. झाले भलतेच. त्या पेशींतही पटलाच्या हालचाली आणि बाहेरचा द्रव आत ओढून घेणे अडलेच. मग ते इतकी वर्षे अडवत कोणाला होते?

काका: हा घाव बरोबर बसला. संयुगाच्या नावावर प्रथिनाचे नाव चिकटवले की असे होते. पण यात दोष संयुगाचा की घाईचा?

मुक्ता: घाईचा. पण रसायन ती घाई करू देते, हेच माझे म्हणणे. जनुक बिघडवले की निदान एवढे पक्के असते की कोणाला हात लावला. रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोविक यांनी बर्कलीत काय केले ते बघा. यीस्ट ही पेशी तिच्याच मालवाहतुकीने वाढते. वाहतूक अडली की नवे पटल बाहेर पोचत नाही, पेशी फुगत नाही, पण आत प्रथिने साठत जातात. म्हणजे ती जड होते. एवढ्या एका विचारावर त्यांनी उत्परिवर्तित पेशींचा ढीग दाट द्रवात फिरवला आणि तळाशी बसलेल्या जड पेशी वेचल्या. उत्परिवर्तने अशी की २५ अंशांवर पेशी नीट जगते, ३७ अंशांवर वाहतूक ठप्प. १९८० पर्यंत २३ जनुके हाती आली. कोणतीही पूर्वकल्पना नाही, कोणते प्रथिन असेल याचा अंदाज नाही. यीस्टनेच सांगितले की या कामाला हे २३ जण लागतात.

काका: सांगितले, पण ते २३ जण करतात काय? सेक-१, सेक-७, सेक-१८ हे तर नुसते अनुक्रमांक. त्यांतल्या एकाचे काम कळले कसे, ते माझ्याकडून ऐक, कारण तिथे रसायन उभे आहे. जेम्स रॉथमन पेशी फोडून नळीत ही वाहतूक चालवत होते. गॉल्गीची पटले, पेशीद्रव आणि ऊर्जेसाठी एटीपी एवढे घातले की पुटिका एका पटलातून दुसऱ्यात माल पोचवत. त्यात त्यांनी एन-इथाइलमॅलिमाइड टाकले. रसायनशास्त्रज्ञाला विचारशील तर यापेक्षा बेफाम पदार्थ नाही. जिथे प्रथिनात गंधकाचा मोकळा गट दिसेल तिथे जाऊन चिकटणार, मित्र-शत्रू पाहणार नाही. वाहतूक बंद पडली. मग जखमी मिश्रणात निरोगी पेशीद्रवाचे एकेक अंश टाकून ते पाहत गेले की कशाने ती पुन्हा चालू होते. जे प्रथिन टाकल्यावर गाडे पुन्हा हलले ते त्यांनी १९८८ पर्यंत शुद्ध केले. नाव ठेवले एनएसएफ.

मुक्ता: आणि १९८९ मध्ये कळले की एनएसएफ म्हणजे यीस्टमधल्या सेक-१८ चेच भावंड. सेक-१८ बिघडले की यीस्टमध्ये आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी यांच्यामध्ये ताटकळलेल्या पुटिकांची गर्दी दिसते. म्हणजे पुटिका निघाली, पण विलीन झाली नाही. सस्तन प्राण्याच्या पेशीतले रसायन आणि यीस्टमधले जनुक एकाच प्रथिनावर येऊन थांबले.

काका: सर्वांत बेफाम रसायनानेही योग्य प्रथिन दिले, हे लक्षात घे.

मुक्ता: दिले ते रसायनाने नाही, काका, परत भरून पाहण्याच्या कसोटीने दिले. नुसते इथाइलमॅलिमाइड टाकून थांबले असते तर यादीत शेकडो प्रथिने आली असती. एकच प्रथिन परत टाकल्यावर काम सुरू होते, हा पुरावा. आणि या गोष्टीला तिसरा साक्षीदार आहे, तो आपल्या मुंबईशी नाते सांगणारा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा करणारे ओबेद सिद्दिकी. त्यांनी आणि सेमूर बेंझर यांनी १९७६ साली फळमाशीची काही उत्परिवर्तने वर्णन केली. तापमान वाढवले की माशी लुळी पडते, उतरवले की उठते. त्यांतली एक थंडाव्यात आणल्यावरही बराच वेळ शुद्धीवर येत नसे, म्हणून तिचे नाव ‘कोमॅटोज’. जवळजवळ वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, उमगले की कोमॅटोज माशीत बिघडलेले जनुक एनएसएफचेच आहे. तापलेल्या माशीच्या चेतापेशीत पुटिका होत्या, पण त्या पुरेशा रिकाम्या होत नव्हत्या. रॉथमनची नळी, शेकमनचे यीस्ट, सिद्दिकी-बेंझर यांची माशी. तिघांनी एकमेकांना न विचारता एकच नाव सांगितले. मला अशी साक्ष हवी.

काका: मलाही. रॉथमन, शेकमन आणि थॉमस स्यूडहोफ यांना २०१३ चे नोबेल एकत्र मिळाले ते पुटिकांच्या वाहतुकीची यंत्रणा उलगडल्याबद्दलच. पण आता मला ब्रेफेल्डिनकडे परत येऊ दे, कारण तिथे रसायनाने जे दाखवले ते जनुकाला एकट्याने दाखवता आले नसते.

मुक्ता: आर्फ.

काका: आर्फ. आणि आर्फचा शोधच मुळी पटकीमुळे लागला. कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवले की पटकीचे जंतू नव्हे, तर त्यांनी सोडलेले विष जुलाबाला कारण होते. त्या विषाचे पेशीतले काम उमगून घेताना अमेरिकेत रिचर्ड कान आणि आल्फ्रेड गिलमन यांना १९८४ मध्ये एक मदतनीस प्रथिन सापडले. ते आर्फ. पुढे कळले की निरोगी पेशीत त्याचे खरे काम पुटिकांचे आवरण बोलावणे हे आहे. आर्फच्या दोन अवस्था असतात, जीडीपी आणि जीटीपी या दोन रेणूंपैकी कोणता धरला आहे त्यावर ठरणाऱ्या. जीडीपी बाळगून असेल तर ते पेशीद्रवात स्वस्थ. जीडीपी टाकून जीटीपी घेतले की त्याची मेदाम्लाची शेपटी पटलात रुतते आणि ते कोटोमरला हाक मारते. आवरण चढते, पटलाला बाक येतो, पुटिका सुटते. ही जीडीपी-जीटीपीची अदलाबदल आर्फ आपला आपण फार सावकाश करते. ती करवून घ्यायला दुसरे प्रथिन लागते. ते आर्फला धरते, जीडीपी सैल करते, जीटीपीला जागा करून देते.

मुक्ता: त्या दुसऱ्या प्रथिनाच्या कामाच्या भागाला म्हणतात सेक-७ खंड. कुठला सेक-७? शेकमन यांच्या २३ जणांमधला. तुमच्या बुरशीच्या विषाचे लक्ष्य आमच्या यादीत आधीपासून होते.

काका: होते, पण ते करते काय हे तुम्हाला ठाऊक नव्हते! १९९२ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले की ब्रेफेल्डिन ही अदलाबदल थांबवते. आणि कशी थांबवते ते १९९९ मध्ये उलगडले, २००३ मध्ये स्फटिकरचनेत दिसले. मला वाटते रसायनाने जीवशास्त्राला दिलेल्या धड्यांमध्ये हा फार वरचा धडा आहे. ब्रेफेल्डिन एकट्या आर्फला धरत नाही. एकट्या सेक-७ खंडालाही फारसे धरत नाही. दोघे एकमेकांना भेटतात, जीडीपी अजून निघायचा असतो, त्या क्षणभराच्या भेटीत दोघांच्या मधे एक पोकळी तयार होते. ब्रेफेल्डिन तिथे जाऊन पाचर मारते. मग ना जीडीपी बाहेर, ना जीटीपी आत, ना दोघे वेगळे. एरवी निमिषात संपणारी भेट गोठून राहते. ही मधली अवस्था आहे हे जनुक काढून टाकून तुला कळले असते का? जनुक काढले की भेटच होत नाही.

मुक्ता: नसते कळले. हे मी मनापासून मान्य करते. पण पाचर तिथेच आहे आणि पेशीतल्या साऱ्या गोंधळाचे मूळ तीच आहे, हे सिद्ध कोणी केले? स्फटिकाने जागा दाखवली. ब्रेफेल्डिन पेशीत इतरही काही करते. १९९० च्या दशकात दिसले होते की त्याच्या असण्याने बार्स नावाच्या प्रथिनावर एडीपी-रायबोजचा गट चढतो. गॉल्गी त्यामुळे विरघळते, असेही कोणी म्हणू शकले असते. शिवाय सस्तन प्राण्यांच्या पेशींत ब्रेफेल्डिनला बळी पडणारे सेक-७ खंडाचे मोठे मानकरी तीन: जीबीएफ-१, बिग-१, बिग-२. त्यांतला कोण नेमका?

काका: मग तुझे उत्तर काय?

मुक्ता: एक अमिनो आम्ल. ज्या पोकळीत ब्रेफेल्डिन बसते तिच्या भिंतीत एक मेथिओनिन आहे. त्याच्या जागी ल्युसिन घाला. दोन्हींच्या बाजूसाखळ्या तेलकट, आकार जवळजवळ सारखा. मेथिओनिनमध्ये एक गंधकाचा अणू आहे, ल्युसिनमध्ये नाही, आणि ल्युसिनच्या साखळीला फांदी फुटते, मेथिओनिनच्या नाही. प्रथिनाचे नेहमीचे काम या बदलाने अडत नाही. ब्रेफेल्डिन मात्र आता नीट बसत नाही. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या एका प्रसिद्ध पेशीमालिकेचे गॉल्गी ब्रेफेल्डिनला दाद देत नाही, कारण तिच्या जीबीएफ-१ मध्ये निसर्गतःच तिथे ल्युसिन आहे. माणसाच्या जीबीएफ-१ मध्ये तोच बदल केला की त्या पेशींचे गॉल्गीही तग धरते. आणि उलट दिशेनेही: आर्नो नावाचे ब्रेफेल्डिनला न जुमानणारे प्रथिन घेऊन त्यात चार अमिनो आम्ले बदलली, त्यांत मेथिओनिन आणून बसवले, तर तेही बळी पडू लागले. याला मी उलटतपास म्हणते. साक्षीदार म्हणाला, ‘मी याला धरले.’ आपण त्या एका माणसाचा हात सोडवून घेतला आणि पाहिले की साक्षीदाराची सगळी गोष्ट कोसळते का. कोसळली. म्हणून तो खरे बोलत होता.

काका: वा! पण हेही बघ, तो साक्षीदार नसता तर उलटतपास कशाचा घेतला असतास?

मुक्ता: म्हणूनच मला सगळ्यांत आवडतो तो ट्युबिंगेनमधल्या गेर्ड युर्गन्स यांच्या गटाचा प्रयोग, २००३ सालचा. थाल-क्रेस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात नोम नावाचे एक जनुक आहे. ते पूर्ण बिघडले तर अंकुराला मूळच धड येत नाही, एक बेढब गोळा तयार होतो. अशा गोळ्याकडे पाहून सांगा बरे, नोमचे काम काय? काहीही सांगता येईल. म्हणजे माझी जनुकाची वाट इथे मुकी आहे. दुसरीकडे, निरोगी झाडाच्या मुळांना ब्रेफेल्डिन दिले की ऑक्सिन या संप्रेरकाला पेशीबाहेर नेणारे पिन-१ हे प्रथिन पेशीच्या टोकावरून हटून आत गोळा होते. पण झाडात ब्रेफेल्डिनला बळी पडणारी प्रथिने नोमशिवाय आणखीही आहेत. म्हणजे तुमची रसायनाची वाट इथे संदिग्ध. मग त्यांनी नोममध्ये ६९६ व्या जागचे मेथिओनिन काढून ल्युसिन घातले आणि तेच झाड ब्रेफेल्डिनमध्ये ठेवले. इतर प्रथिने अडलेली, नोम तेवढे मोकळे. पिन-१ जागच्या जागी राहिले. बाजूची मुळे फुटण्याची आणि मुळाने जमिनीकडे वळण्याची क्रियाही टिकली. एका अणूसमूहाच्या फरकाने सांगितले की पिन-१ ला फिरवून परत टोकावर पाठवण्याचे काम नोमचे आहे.

काका: यात रसायनाने काळ दिला आणि जनुकाने पत्ता दिला.

मुक्ता: हो. एकाच प्रयोगात.

काका: तर मग आता माझी एक शंका तुझ्या बाजूवर. तू म्हणतेस जनुक बिघडवले की कोणाला हात लावला ते पक्के. पण जनुक काढणे आणि त्याच प्रथिनावर औषध बसणे, या दोन गोष्टी एकच आहेत असे तुम्ही लोक सहज धरून चालता. लेव्हेटिरासेटाम घे. अपस्माराचे औषध. आपल्याकडे कितीतरी घरांत ही गोळी सकाळ-संध्याकाळ घेतली जाते. अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ते कुठे बसते हे कोणाला ठाऊक नव्हते. आकडी थांबते एवढे दिसत होते. २००४ मध्ये कळले की ते एसव्ही-२ए या प्रथिनावर बसते. चेतापेशीच्या पुटिकांच्या पटलावरचे प्रथिन, पुटिका रिकाम्या होण्याच्या तयारीत त्याचा हात असतो.

मुक्ता: आणि ते कळले कसे हेही सांगा ना! एसव्ही-२ए चे जनुक काढलेल्या उंदरांच्या मेंदूत ते औषध बसायला जागाच उरत नाही, हे दाखवून. पुन्हा तोच उलटतपास.

काका: सांगतो, लपवत नाही. पण पुढचे ऐक. त्याच जनुक नसलेल्या उंदरांना काय होते? जन्मानंतर काही दिवसांत आकडी येऊ लागते आणि साधारण तीन आठवड्यांत ते मरतात. प्रथिन नसले तर आकडी येते, प्रथिनावर औषध बसले तर आकडी थांबते! नुसत्या जनुकावर विसंबून कोणी म्हणाले असते, ‘एसव्ही-२ए ला हात लावू नका, त्याने आकडी येते,’ तर लाखो रुग्णांच्या कामी आलेल्या औषधाची वाटच बंद झाली असती. औषध प्रथिनाला काढून टाकत नाही. ते त्याचा आकार, त्याची सोबत, त्याचा वेग बदलते. प्रथिन तिथेच असते, फक्त वेगळे वागते.

मुक्ता: हा मुद्दा मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत जाईन. जनुक काढणे म्हणजे औषधाची नक्कल नव्हे. उलटतपासासाठी संपूर्ण जनुक काढण्यापेक्षा ते एक अमिनो आम्ल बदलणे म्हणूनच जास्त मोलाचे. प्रथिन जिवंत ठेवायचे आणि फक्त औषधाची बैठक काढून घ्यायची.

काका: आणि हे केवळ प्रयोगशाळेतले भांडण नाही. वर्तमानपत्रात बातमी येते: अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या. मी आयुष्यभर अर्क काढले आहेत, त्यामुळे या बातम्यांनी मला आनंद व्हायला हवा. होत नाही. बशीतल्या पेशी पुरेशा मात्रेला कशानेही मरतात. ब्रेफेल्डिनचेच बघ. तेही कर्करोगाच्या पेशी मारते. पण आंतर्द्रव्यजालिकेत माल तुंबून राहिला की निरोगी पेशीही मरते. कर्करोगावर ते चालावे म्हणून त्याचे पाण्यात सहज विरघळणारे रूपही करून पाहिले गेले. औषधाच्या दुकानापर्यंत काही पोचले नाही.

मुक्ता: तरी त्याचा उपयोग रोज होतो आहे, फक्त रुग्णाच्या शरीराबाहेर. लस दिल्यावर टी-पेशी जाग्या झाल्या का हे पाहायचे असते. जागी टी-पेशी इंटरफेरॉन गॅमासारखी प्रथिने तयार करून लगेच बाहेर सोडते, मग कोणत्या पेशीने सोडले ते कळत नाही. म्हणून रक्तातल्या पेशींना काही तास ब्रेफेल्डिन देतात. माल आतच अडकतो, आणि चमकत्या प्रतिपिंडांनी रंगवून एकेक पेशी मोजता येते. इथे मला त्याच्यावर पूर्ण भरवसा आहे, कारण आपण फक्त वाहतूक बंद करायला सांगतो आहोत. कोणत्या प्रथिनाने बंद केली हा दावा करतच नाही आहोत.

काका: म्हणजे दावा जितका मोठा, उलटतपास तितका कडक.

मुक्ता: अगदी तेच. ‘वाहतूक थांबली’ म्हणायला संयुग पुरे. ‘जीबीएफ-१ मुळे थांबली’ म्हणायचे असेल तर आणखी तीन गोष्टी दाखवा. कमीत कमी किती मात्रेत आणि किती मिनिटांत परिणाम दिसतो. मग रचनेने अगदी वेगळे असे दुसरे संयुग तेच करते का. २००९ मध्ये सापडलेले गॉल्गिसाइड ए हे असे दुसरे संयुग. ते शिगा विषापासून पेशी वाचवणारी संयुगे चाळताना मिळाले, तेही जीबीएफ-१ वरच बसते, आणि कुत्र्याच्या त्याच पेशीमालिकेवर त्याचाही अंमल चालत नाही. आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची: त्या प्रथिनात एक बदल करून संयुगाचा असर नाहीसा करून दाखवा.

काका: आणि जनुकवाल्यांनी काय दाखवायचे? एकतर्फी नियम मला चालणार नाही.

मुक्ता: जनुक काढल्यावर परिणाम कधी सुरू झाला आणि पेशीने दरम्यान काय भरपाई केली. तुटलेले जनुक परत घातल्यावर पेशी पूर्ववत होते का. आणि तेच प्रथिन रसायनाने काही मिनिटांपुरते अडवले तर तीच सुरुवात दिसते का. ते दिसले नाही तर आपण मूळ बिघाड पाहत नसून त्याचे मागाहूनचे पडसाद पाहत आहोत, असे समजायचे.

काका: हे दोन्ही नियम मला मान्य. मतभेद तरीही उरतो. नव्या, अनोळखी प्रश्नापाशी उभा राहिलो तर मी आधी बुरशीकडे जाईन. कोट्यवधी वर्षे सूक्ष्मजीव एकमेकांच्या पेशींतले नाजूक सांधे शोधत आले आहेत. आर्फ आणि सेक-७ यांच्या क्षणभराच्या भेटीतली ती पोकळी कोणत्याही माणसाने डोके लढवून शोधली नसती.

मुक्ता: आणि मी आधी यीस्टकडे जाईन, कारण सेक-७ चे नाव पोकळीच्या आधी तिथेच लागले. पण निष्कर्ष लिहायला बसण्याआधी मी तुमच्या दाराशी येईन, आणि तुम्ही माझ्या दाराशी यायचे. एकाच्या पुराव्यावर छापलेले वाक्य मी यापुढे अर्धे वाक्य समजेन. मग ते माझ्या प्रयोगशाळेतले का असेना.